पेटीला हुंकार

मामांचा आवाज एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होता आणि तो कॉम्प्युटर मरायला टेकला होता. हे मी मुद्दाम सरळ लिहिते, कारण माझं आयुष्य लोकांची प्रुफं तपासण्यात गेलं आणि आडवळणाची सुरुवात मला खपत नाही.

मामा कवायतीचे मास्तर होते. शाळेच्या मैदानाच्या एका टोकाला उभे राहून ते "सावधान!" म्हणाले की पलीकडच्या रस्त्यावरून सायकलवर चाललेला माणूस ताठ व्हायचा. घरातही तोच खाक्या. मामी हाताच्या अंतरावर असली तरी हाक मैदानावरची, आणि मामीचं उत्तरही ठरलेलं. "आले, आले! किती ओरडता हो!" मग मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला तो कायमचा. सगळं घर दणाणून सोडणारा माणूस हातवारे करायला लागला, आणि ते कुणाला समजले नाहीत की पाठ फिरवून बसायला लागला.

त्या दिवसांत घरात बोलणारी पेटी आली. बुटांच्या खोक्याएवढी, समोर जाळी, मागे एक वायर. वायर कॉम्प्युटरला जोडायची, कॉम्प्युटरवर टाइप करायचं, पेटी ते बोलून दाखवते. आवाज पत्र्याचा, थोडा नाकातला, पण हळूहळू तोच मामांचा आवाज झाला. मामा पेटीतून भांडायचे, पेटीतून टोमणे मारायचे, मला पेटीतून "वेंधळे" म्हणायचे. लहानपणी मी त्यांची शिट्टी विहिरीत पाडली होती, तेव्हापासूनचं ते माझं नाव. आता जी बाई स्वल्पविरामाची जागा चुकली तर लेखकाला फोन करते तिला वेंधळी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता. नातीनं तर आजोबांचा दुसरा आवाज कधी ऐकलाच नव्हता. पेटी मराठी इतकं नीट कशी बोलते, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणाला पडला नाही. फ्रिजला थंडी कुठून मिळते असं तरी कोण विचारतं?

पेटी ठणठणीत होती. कुरकुर कॉम्प्युटरची होती. ज्या कंपनीनं तो बनवला ती कधीच बुडाली होती, आणि आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. अलीकडे म्हातारा तापायचा आणि वाक्याच्या मधेच मान टाकायचा. मामा "भाजीत मीठ" एवढं म्हणायचे आणि कमी की जास्त ते कळायच्या आत पडदा काळा व्हायचा. बरं, एकदा बंद पडला की पुन्हा लागेल याचा नेम नाही.

मामांचा जावई दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. त्यानं आधी सोपा उपाय केला. नवा लॅपटॉप आणला, त्यात तयार आवाज होता, एखाद्या निवेदकासारखा गोड, घोटीव. "नमस्कार, मी आपल्या सेवेत हजर आहे," असं तो आवाज म्हणाला. मामांनी ऐकून घेतलं, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि कागदावर लिहिलं, "हा कोण?" खाली आणखी एक ओळ लिहिली. "हा बोलणार असेल तर मी गप्प बरा."

त्यांनी ते खरंच केलं असतं. मामीनं तो कागद वाचला आणि घडी घालून पदरात धरला. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं की म्हातारा गेला तर मामा दुसऱ्यांदा मुके होणार, आणि या वेळी आपल्या मर्जीनं.

"यंत्र जाऊ दे," जावई म्हणाला. "यंत्राच्या पोटात तुमच्या मामांनी साठवलेल्या शब्दांची यादी आहे, ती वाचवू. ती एकदा लॅपटॉपमध्ये आली की पेटी लॅपटॉपला जोडता येईल. पेटी तीच, यादी तीच, म्हणजे आवाज तोच."

"मग काढ की ती यादी," मी म्हणाले.

"काढू कुठून, ताई? याची डिस्क जगात दुसरं कुठलंच यंत्र वाचत नाही. फ्लॉपीचं तोंड गंजलंय. नेटवर्क नावाची गोष्ट याला माहीतच नाही. या दोघांची भाषा एक नाही, लिपी एक नाही, अहो, प्लगसुद्धा एक नाहीत."

असं म्हणून तो टेबलाखाली शिरला. मामी हातातलं काम टाकून धावली. "अहो जावईबापू, उठा, तिथे केर आहे! जावई माणूस टेबलाखाली, लोक काय म्हणतील!"

"लोक टेबलाखाली बघायला येत नाहीत, आई," खालून आवाज आला. थोड्या वेळानं तो केसांत कोळ्याची जाळी घेऊन वर आला, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "याला बाहेर यायला एकच दार आहे," तो म्हणाला. "पेटीचं. याला फक्त बोलता येतं. मग बोलू दे. पेटीची वायर काढून लॅपटॉपला लावू. लॅपटॉपनं पेटीचं सोंग घ्यायचं. म्हाताऱ्याला वाटेल पेटी ऐकतेय, आणि ऐकणारा भलताच असेल."

"पण तो यादी कशाला बोलेल?" मी विचारलं.

"त्याच्यात तशी सोय आहे. आंधळ्या माणसांसाठी केलेली. यादी वाचून दाखव म्हटलं की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचतो. आधी जो टाइप करायचा तो शब्द, मग जो बोलायचा तो."

मामा खुर्चीत बसून ऐकत होते. त्या खोलीत ठरत होतं ते एवढंच की मामांनी आजवर साठवलेला शब्द न् शब्द म्हातारा एकदा, शेवटचा, सलग बोलणार, आणि तो कुणालाच ऐकू येणार नाही.

पहिला प्रयत्न फसला. वायर जोडली, हुकूम दिला, लॅपटॉपचा पडदा कोरा. जावयानं कपाळावर हात मारला. "दोघांची तोंडं समोरासमोर आलीत," तो म्हणाला. "दोघं एकाच तारेवर बोलतात आणि एकाच तारेवर ऐकतात. याचं तोंड त्याच्या कानाशी यायला हवं."

"म्हणजे नवराबायकोसारखं झालं," मामी म्हणाली. "दोघंही बोलणार, ऐकणार कोण?"

मामांचे खांदे हलले. आवाज नसलेलं हसू असं खांद्यांतून येतं. जावयानं वायर कापली, आतल्या दोन बारीक तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा जोडली. म्हाताऱ्याचं झाकण काढून त्याच्या उघड्या पोटावर टेबलफॅन सोडला होता, त्याची घरघर तेवढी चालू होती. जावयानं हुकूम दिला.

पडद्यावर अक्षरं उमटली. एकेक, मुंगीच्या चालीनं, जणू पलीकडे कुणीतरी जपून पाय टाकत येत होतं. सगळी रोमन अक्षरं होती, पण वाचता आलं. अगं. मग त्याच्या पुढे काही वेडीवाकडी अक्षरं, मग पुन्हा अगं, पुन्हा काहीतरी. आणि थांबलं.

मी छापखान्यात यंत्रं पाहिली आहेत, तासाला हजारो पानं ओकणारी. पण बुडालेल्या कंपनीच्या, कुणालाच न कळणाऱ्या यंत्रातून दुसऱ्या जगातल्या यंत्रात एक अगं चालत आलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला एकदम हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

"थांबला का?" मामीनं विचारलं.

जावई पुन्हा वायर चाचपत होता. मग त्याच्या लक्षात आलं. "पेटीचं काय असतं, एक घोट शब्द बोलून झाले की ती याला खूण करते, झालं, पुढे बोल. ती खूण आली नाही तर हा वाट बघत बसतो. लॅपटॉपला ती खूण करायला शिकवायला हवं. प्रोग्रॅम लिहावा लागेल. उद्यापर्यंत होईल."

उद्या. म्हाताऱ्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

"खूण म्हणजे हुंकार ना?" मामी म्हणाली. "गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हं म्हणावं लागतं, नाहीतर तो थांबतो. तसंच ना? मग ते हं हातानं देता येत नाही का?"

जावई तिच्याकडे बघतच राहिला. "येतं," तो म्हणाला. "एक बटण दाबायचं. पण आई, प्रत्येक घोटाला दाबावं लागेल. यादी संपेपर्यंत."

"अहो, यांना हं म्हणण्यात माझा जन्म गेला," मामी म्हणाली. "व्हा बाजूला."

तिनं स्टूल ओढलं, बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. पुढचा घोट आला. पुन्हा अगं, पुन्हा वेडीवाकडी अक्षरं.

"एकच ओळ परत परत येतेय," जावई म्हणाला. "वायर सैल असणार. जुन्या वायरीत असं होतं, ओळी दोनदा येतात, भलती अक्षरं चिकटतात. नंतर निस्तरू, आधी येऊ दे."

मामांनी हात वर केला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण त्यांचा आवाज त्या घडीला वायरीतून लॅपटॉपमध्ये चालला होता, आणि आमचे डोळे पडद्यावर. मामी म्हणाली, "अगं शब्द कशाला साठवला हो यादीत? तो तर पेटीतच होता. पेटी आणली त्या दिवसापासून ती अगं म्हणतेय." मामांनी मान हलवली, नाही अशी. आम्हाला वाटलं, दमले असतील. त्यांनी हात खाली घेतला.

मग दुपारभर ते चाललं. मामी बटण दाबायची आणि एक घोट यायचा. शब्द मामांनी ज्या क्रमानं साठवले त्याच क्रमानं येत होते, आणि डावीकडचे, टाइप करायचे शब्द वाचत गेलं की मामांचं सगळं दुसरं आयुष्य समोरून जात होतं. अगंनंतर पाणी. नको. हो. दुखतंय. दुखत नाही. डॉक्टरला सांग. मग जरा धीर आलेला दिसतो, कारण मीठ आलं, गरम आलं, मूर्ख आलं. मूर्खनंतर शिव्यांची एक लांब रांग आली आणि मामीनं लाजून दोन-तीन घोट भराभर पुढे ढकलले. मग सावधान, विश्राम, डावीकडे पाहा. मग वेंधळे, तेही पुष्कळ वेळा. मग नातीचं लाडाचं नाव. मग हसू. हो, मामांनी पेटीला हसायला शिकवलं होतं, साधं हा हा नाही, मोठं हसू वेगळं, कुत्सित हसू वेगळं. लहान मूल आधी आई म्हणतं, मग पाणी म्हणतं, मग हट्ट करायला शिकतं. म्हातारपणी मामांनी तो सगळा रस्ता पुन्हा एकदा पायी काटला होता आणि आम्ही त्याच घरात चहा पीत बसलो होतो.

मामीचं बोट दुखायला लागलं तेव्हा तिनं हात बदलला, उठली नाही. जावई म्हणाला, "आई, मी दाबतो." ती म्हणाली, "तुमचं हं त्यांना कळायचं नाही." मामा मागून वर्तमानपत्रानं म्हाताऱ्याला वारा घालत होते, टेबलफॅन चालू असताना. शेवटी पडद्यावर यादी संपल्याची खूण आली आणि पलीकडून काही येईना. जावयानं म्हाताऱ्याला रीतसर बंद केलं. गार झाल्यावर सहज म्हणून पुन्हा लावून पाहिला. तो लागला नाही, परत कधीच लागला नाही.

आता सगळं काही लॅपटॉपमधल्या एका फाइलमध्ये होतं. निघताना जावयानं ती फाइल मला दिली आणि म्हणाला, "ताई, वायरीनं घाण केलेली असणार. तुमची नजर बारीक आहे. काही चुकलंय का तेवढं पाहा."

प्रूफ तपासणाऱ्या बाईला हे म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. मी फाइल उघडली. डावीकडे पाणी होतं आणि उजवीकडे, बोलायच्या बाजूला, पार्नी. डावीकडे काळा, उजवीकडे कार्ला. जिकडेतिकडे आर हे अक्षर चिकटलेलं. जावयानं सांगितलंच होतं, वायरीत भलती अक्षरं चिकटतात. आणि ओळी दोनदा काय, दहादहादा आलेल्या, प्रत्येक वेळी वेगळी घाण घेऊन. मी बाह्या सरसावल्या. सगळे आर उपटले. पार्नीचं पाणी लिहायचं तसं साधं लिहिलं. जिथे एकच शब्द अनेकदा होता तिथे सगळ्यात साधी ओळ ठेवली, बाकीच्या काढल्या. इतकं स्वच्छ काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं, आणि करताना, सांगते, मला मामांचं ऋण फेडल्यासारखं वाटत होतं. मामांना विचारावं असं मात्र मला वाटलं नाही. जावयालाही वाटलं नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचं राहूनच जातं.

जावयानं माझी यादी लॅपटॉपमध्ये भरली आणि पेटी जोडली. मामा खुर्ची ओढून बसले. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मामांनी एक शब्द टाइप केला.

पेटी म्हणाली, "एगन."

घसा तोच होता, जीभ परक्याची. मामांनी दुसरा शब्द घातला. "पानी," पेटी म्हणाली, तेही पा असा ओढून, जणू आयुष्यात कधी तहान लागली नसावी. मामांनी माझं नाव घातलं. पेटीनं त्याचं जे काही केलं ते मी इथे लिहिणार नाही.

आतून मामीचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

मामांचे हात कळांवरून खाली आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जावयाकडेही नाही. खुर्ची हळूहळू भिंतीकडे वळली. ऑपरेशननंतर ते जसे बसायचे तसेच बसले, आमच्याकडे पाठ करून.

जावई वायर तपासायला लागला. मी म्हणाले, "वायर नको बघू. यादीत मी सगळं नीट केलंय, एक अक्षर चुकीचं ठेवलेलं नाही."

हे ऐकून मामा वळले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या विहिरीच्या काठावर उभी राहिले. मग त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, यादी बाजूला सारली आणि पेटीकडे सरळ, एकेक कळ दाबून अक्षरं पाठवली. पी. ए. आर. मी मोठ्यानं वाचत होते. एन. आय.

पेटी म्हणाली, "पाणी."

ण. अगदी टाळ्याला लागून आलेला, घरचा, स्वच्छ ण.

पेटी इंग्रजीसाठी बनवलेली, तिला मराठीचा गंधही नव्हता. तिच्या घशात ण नव्हता, ळ नव्हता. तिला फक्त न आणि ल माहीत होते. पण न च्या आधी आर टेकवला की तिची जीभ मागे वळायची, आणि न चा ण व्हायचा. ल च्या आधी टेकवला की ळ. हे मामांनी शोधून काढलं होतं. ती अक्षरं वायरीत चिकटली नव्हती, मामांनी ती जागच्या जागी बसवली होती, कान लावून, एकेका शब्दासाठी. आणि मी, जिनं जन्मभर लोकांना ण आणि न वरून फैलावर घेतलं, त्याच मी यादीतला प्रत्येक ण हातानं उपटून न केला होता. ध चा मा म्हणतात तो हाच, आणि मी तो ढिगानं केला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"ताई," जावई हळूच म्हणाला, "जुनी फाइल आहे ना? म्हातारा तर गेला."

म्हातारा टेबलाच्या पायाशी पडला होता, पोट उघडं, तारा बाहेर. मग आठवलं. आमच्या धंद्यात मूळ शब्द पुसत नाहीत. लेखकाचा शब्द कितीही चुकीचा असो, त्यावर बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि आपला शब्द शेजारी लिहायचा. लेखक उद्या येऊन भांडला तर दाखवायला. मी सवयीनं तसंच केलं होतं. माझे शब्द नव्या रकान्यात होते, मामांचे त्यांच्या जागेवर. आणि काढलेल्या ओळी शेवटी, वगळलेले या मथळ्याखाली, एकही न गाळता.

मी वगळलेले उघडलं. सगळ्यात वर अगं होता. पहिली ओळ अगदी साधी, तीच मी पसंत केली होती. दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त. तिसऱ्यात ते काढून दुसरं. मग शेवटचा अनुस्वार सुटावा म्हणून एम लावून पाहिलेला, मग एन, मग एन आणि जी, मग ते सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. मग पहिल्या अ ला आखूड करायचा खटाटोप. ओळींमागून ओळी. पडदा खाली सरकवत गेले तरी अगं संपेना. पाण्याच्या आधी, दुखतंयच्या आधी, डॉक्टरच्या आधी हा माणूस पेटीचा आवाज बारीक करून, तिच्या जाळीला कान लावून, बायकोला हाक मारायला शिकत होता. आणि जमल्यावरच त्यानं ती मोठ्यानं मारली होती. म्हणून मामीला वाटत आलं होतं की अगं पेटीतच होता, पेटी विकत आणली तेव्हापासून.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी देवळासमोरून सुद्धा चप्पल न काढता जाणारी बाई आहे, पण त्या यादीसमोर मी पायातल्या सपाता काढून ठेवल्या, हे जावयानं पाहिलं. त्यानं मामांचा रकाना जागेवर बसवला. वगळलेले आत घेतले, त्यांच्याच क्रमानं. "एका शब्दाच्या अनेक ओळी असतील तर यंत्रानं कुठली घ्यायची?" त्यानं विचारलं. या वेळी मामांना विचारलं.

मामांनी बोट खाली नेलं. शेवटची.

मग ते खुर्चीत सरळ झाले. माझ्याकडे पाहत त्यांनी काहीतरी टाइप केलं. पेटी जरा थांबली आणि म्हणाली, "वेंधळे."

ळ सकट. मी नाक पुसलं आणि म्हणाले, "हो मामा. कबूल."

त्यांचे खांदे हलले. त्यांनी पेटीच्या आवाजाचं बटण फिरवलं, पार टोकापर्यंत, मैदानावरच्या मापाचं. एक शब्द टाइप केला.

"अगं!"

"आले, आले!" स्वयंपाकघरातून मामी कडाडली. "किती ओरडता हो! बहिरी नाही झाले मी!"

आणि नळ बंद झाला. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मामी दारात आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत साबणाचे होते. तिनं आधी खाली पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग मामांकडे. मामांचं बोट अजून कळेवर होतं.

मामीनं हात पदराला पुसले. परवाचं स्टूल अजून तिथेच होतं. ते तिनं मामांच्या शेजारी ओढलं आणि बसली.

"हं," ती म्हणाली. "बोला."